चौदाव्या क्रमांकाचा विजेता : युरोपीय चॅलेंज कप रग्बीचा २०२३-२४ चा हंगाम

लंडनमधील टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियमवर २४ मे २०२४ रोजी, शुक्रवारी रात्री झालेल्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या शार्क्स संघाने इंग्लंडच्या ग्लॉस्टरचा ३६-२२ असा पराभव करून चॅलेंज कप जिंकला. युरोपीय क्लब रग्बीतील ही दुसऱ्या श्रेणीची चषक स्पर्धा आहे. युरोपच्या दोन क्लब चषकांपैकी एखादा चषक दक्षिण आफ्रिकेच्या संघाने जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती. तरीही त्या हंगामाची अधिक चर्चा झाली ती दुसऱ्याच कारणाने. चषक उंचावणारा हा संघ आपल्या नियमित साखळी स्पर्धेत सोळा संघांत चौदावा आला होता आणि चषकाबरोबर त्याला पुढील वर्षी पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेत खेळण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी आठव्या क्रमांकाच्या एका संघाला आपली जागा सोडावी लागली.

हा प्रकार समजण्यासाठी स्पर्धेची रचना थोडी जाणून घ्यावी लागते. भारतीय प्रेक्षकांना ऑलिम्पिक आणि आशियाई क्रीडा स्पर्धांमुळे परिचित झालेली रग्बी ही सात खेळाडूंची. युरोपातील क्लब मात्र पंधरा खेळाडूंची, ऐंशी मिनिटांची पारंपरिक रग्बी युनियन खेळतात. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवल्यास म्हणजे ‘ट्राय’ केल्यास पाच गुण, त्यानंतरच्या यशस्वी किकला दोन आणि पेनल्टी किकला तीन गुण मिळतात. हा खेळ १९९५ च्या ऑगस्टमध्ये अधिकृतपणे व्यावसायिक झाला. त्याच हंगामात युरोपातील अव्वल क्लबांसाठी हायनेकेन कप सुरू झाला आणि त्यात स्थान न मिळालेल्या क्लबांसाठी १९९६-९७ पासून दुसऱ्या श्रेणीची स्पर्धा भरू लागली. पहिला विजेता होता फ्रान्सचा बूर्ग्वां; बेझिए येथील अंतिम सामन्यात त्याने कास्त्रवर १८-९ अशी मात केली होती. २०१४ मध्ये संयोजनाची सूत्रे नव्या संस्थेकडे गेली आणि पहिल्या श्रेणीला चॅम्पियन्स कप, तर दुसरीला चॅलेंज कप ही नावे रूढ झाली. नव्या व्यवस्थेतील हा दहावा, तर मूळ स्पर्धेपासून मोजल्यास अठ्ठाविसावा हंगाम.

दुसऱ्या श्रेणीच्या कोणत्याही चषकापुढे एक अडचण असते. ज्यांना पहिल्या श्रेणीत खेळायचे होते पण जमले नाही, अशांचीच ही स्पर्धा. मग ती मनापासून खेळावी का, हा प्रश्न प्रत्येक क्लबला पडतो. विशेषतः फ्रान्समध्ये साखळीतून खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती एवढी मोठी असते, की डिसेंबर-जानेवारीतील चॅलेंज कपच्या सामन्यांसाठी प्रमुख खेळाडूंना विश्रांती देऊन तरुणांना उतरवण्याची प्रथाच पडली आहे. त्या वर्षीही ओयोना आणि माँपेलिए या दोन फ्रेंच संघांचे लक्ष साखळीतील जीव वाचवण्याकडे होते. ओयोना अखेर तळाला जाऊन खाली घसरला. माँपेलिए तेराव्या स्थानावरून अतिरिक्त सामना जिंकून कसाबसा तगला. संयोजकांनी या उदासीनतेवर जे औषध योजले आहे ते एकच, पण प्रभावी आहे : चॅलेंज कपच्या विजेत्याला, त्याचा साखळीतील क्रमांक काहीही असो, पुढील वर्षी चॅम्पियन्स कपमध्ये थेट प्रवेश. हा प्रवेश अतिरिक्त नसतो. विजेता ज्या साखळीतला, त्याच साखळीच्या ठरलेल्या आठ जागांपैकी एक त्याला दिली जाते आणि आठवा बाहेर पडतो.

शार्क्स या स्पर्धेत आले तेच मुळी अशा एका नियमाचा फटका बसून. दक्षिण आफ्रिकेचे प्रमुख संघ पूर्वी न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांबरोबर सुपर रग्बी खेळत. कोविडच्या साथीनंतर त्यांनी ती साथ सोडली आणि २०२१ पासून आयर्लंड, वेल्स, स्कॉटलंड व इटलीच्या संघांसह युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपमध्ये प्रवेश केला. डर्बन ते लंडन हे अंतर नऊ हजार किलोमीटरहून अधिक असले, तरी घड्याळातील फरक एक-दोन तासांचाच असतो. ऑकलंड किंवा सिडनीला जाऊन खेळण्याच्या तुलनेत ही बाब खेळाडूंच्या झोपेच्या दृष्टीने सोयीची ठरली. २०२२-२३ पासून युरोपीय चषकांची दारेही त्यांना उघडली. त्या पहिल्याच वर्षी शार्क्सनी चॅम्पियन्स कपची उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि साखळीत आठवा क्रमांक मिळवला. साखळीला चॅम्पियन्स कपमध्ये आठ जागा होत्या. तरीही शार्क्सना प्रवेश मिळाला नाही, कारण त्या वेळच्या नियमानुसार प्रत्येक विभागातील अव्वल संघाला एक जागा राखीव होती आणि वेल्स विभागातील अव्वल संघ कार्डिफ एकूण तक्त्यात दहावा होता. दहावा आत गेला, आठवा बाहेर राहिला. पुढे ही विभागीय राखीव जागांची पद्धत सोडून एकूण क्रमवारी हाच निकष ठेवण्यात आला. पण शार्क्सचे त्या वर्षाचे नुकसान भरून निघण्यासारखे नव्हते.

अशा रीतीने २०२३-२४ च्या चॅलेंज कपमध्ये अठरा संघ जमले. फ्रान्सचे सहा, युनायटेड रग्बी चॅम्पियनशिपचे आठ, इंग्लंडचे अवघे दोन आणि दोन निमंत्रित. इंग्लंडची संख्या एवढी कमी असण्यामागे दुःखद कारण होते : वुस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब वर्षभराच्या आत आर्थिक डबघाईने बंद पडल्याने प्रीमियरशिपमध्ये दहाच संघ उरले होते आणि त्यांतील आठ चॅम्पियन्स कपला गेले. उरले ग्लॉस्टर आणि न्यूकॅसल. न्यूकॅसलने त्या हंगामात साखळीतील अठराही सामने गमावले, यावरून त्याच्या अवस्थेची कल्पना यावी. निमंत्रितांपैकी ब्लॅक लायन हा जॉर्जियाचा संघ प्रथमच आला होता. दुसरा निमंत्रित, दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेनचा चीताज, याची कथा वेगळीच. २०२० मध्ये त्याला युरोपातील साखळीतून वगळण्यात आले होते. त्यामुळे चॅलेंज कपमधील आपले ‘घरचे’ सामने तो त्या वर्षी ॲमस्टरडॅममध्ये खेळला, आणि आदल्या वर्षी इटलीतील पार्मात. डच शहरात आफ्रिकी पठारावरच्या संघाने यजमान म्हणून उतरावे, हे व्यावसायिक रग्बीच्या बदललेल्या भूगोलाचे बोलके उदाहरण होय.

सहा-सहा संघांचे तीन गट आणि प्रत्येक संघाला चार सामने, अशी प्राथमिक फेरी होती. प्रत्येक गटातील पहिले चार संघ बाद फेरीत जाणार होते. म्हणजे अठरांतून सहाच संघ गळणार. वेल्सचे ड्रॅगन्स आणि स्कार्लेट्स, फ्रान्सचे ओयोना आणि पर्पिन्याँ, तसेच न्यूकॅसल आणि ब्लॅक लायन हे ते सहा. इतकी सैल चाळणी असल्याने या फेरीतील बऱ्याच सामन्यांना धार नव्हती, हे मान्य करावे लागेल. बाद फेरीत उरलेल्या चार जागा चॅम्पियन्स कपमधून खाली आलेल्या संघांना होत्या : आयर्लंडचे अल्स्टर आणि कॉनॉट, इंग्लंडचा सेल आणि फ्रान्सचा बायोन. वरच्या स्पर्धेत गटात पाचवे येऊन खालच्या स्पर्धेच्या बाद फेरीत दाखल होण्याची ही पद्धत अनेकांना खटकते. जो संघ डिसेंबरपासून या चषकासाठी खेळतो, त्याच्यासमोर एप्रिलमध्ये अचानक अधिक बलवान पाहुणा उभा राहतो. त्या वर्षी मात्र या पाहुण्यांचे फारसे चालले नाही. सेलला वेल्सच्या ऑस्प्रीजनी परतवले, बायोन एडिनबरोकडून हरला. अल्स्टर आणि कॉनॉट पुढच्या फेरीत गेले, पण तेथे क्लेर्माँने अल्स्टरचा ५३-१४ असा धुव्वा उडवला आणि इटलीतील त्रेव्हिसोच्या बेनेटनने कॉनॉटवर ३९-२४ अशी मात केली. बेनेटनचा हा लागोपाठ दुसऱ्या वर्षीचा उपांत्य प्रवेश होता.

शार्क्सचा मार्ग प्रारंभी सोपा भासला. डर्बनच्या किंग्ज पार्कवर त्यांनी इटलीच्या झेब्रेला ४७-३ असे चिरडले. उपांत्यपूर्व फेरीत एडिनबरोने मात्र त्यांना घाम फोडला. तो सामना ३६-३० असा सुटला. हीच मंडळी साखळीत मात्र पराभवांच्या मालिकेत अडकली होती. कागदावर संघ भक्कम होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅरिसला न्यूझीलंडला १२-११ असे नमवून विश्वचषक राखणाऱ्या दक्षिण आफ्रिकी संघातील एबेन एट्झेबेथ, ऑक्स न्चे, बोंगी म्बोनाम्बी, विन्सेंट कॉख आणि माकाझोले मापिम्पी हे शार्क्सचे खेळाडू. परंतु विश्वविजेते उशिरा परतले, तोवर साखळीतील पराभवांचा डोंगर उभा राहिला होता. शिवाय कर्णधार म्हणून दोनदा विश्वचषक उंचावणारा सिया कोलिसी त्याच सुमारास फ्रान्सच्या रासिंग ९२ संघाकडे निघून गेला. प्रशिक्षक जॉन प्लमट्री यांच्यापुढे साखळीतील आशा जवळपास संपल्यावर एकच दरवाजा उघडा राहिला. पुढील वर्षी चॅम्पियन्स कप खेळायचा तर हा चषक जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मूळचे न्यूझीलंडचे असलेल्या प्लमट्री यांना या क्लबचे दुखणे ठाऊक होते. १८९० मध्ये स्थापन झालेल्या नाताळ रग्बी युनियनचा वारसा सांगणाऱ्या या संघाने देशांतर्गत करी कप अनेकदा जिंकला, पण देशाबाहेरील संघांच्या स्पर्धेत विजेतेपद त्याला कायम हुलकावणी देत आले. सुपर रग्बीचे अंतिम सामने त्याने १९९६, २००१, २००७ आणि २०१२ मध्ये गमावले. त्यांपैकी २००७ चा पराभव डर्बनमध्येच, अखेरच्या क्षणी ब्रायन हबानाने केलेल्या ट्रायमुळे, अवघ्या एका गुणाने झाला होता. किंग्ज पार्कवरील जुन्या प्रेक्षकांना तो अजून सलतो. २०१२ मध्ये पराभूत झालेल्या शार्क्सचे प्रशिक्षक खुद्द प्लमट्रीच होते.

उपांत्य फेरीत त्यांची गाठ क्लेर्माँशी पडली. १९९९, २००७ आणि २०१९ असा तीनदा हा चषक जिंकलेला क्लेर्माँ हा या स्पर्धेतील सर्वांत यशस्वी संघांपैकी एक. सामन्याचे यजमानपद शार्क्सकडे होते, पण ते नावापुरतेच. दक्षिण आफ्रिकेत उपांत्य सामना न खेळवण्याच्या तत्कालीन धोरणामुळे त्यांना आपला ‘घरचा’ सामना लंडनच्या ट्विकनहॅम स्टूपवर, म्हणजे हार्लेक्विन्स क्लबच्या मैदानावर खेळावा लागला. मेच्या पहिल्या आठवड्यातील या लढतीत शार्क्सनी ३२-३१ असा एका गुणाने विजय मिळवला. अठरा संघांच्या आणि सहा महिन्यांच्या स्पर्धेचे पारडे किती बारीक दांडीवर तोललेले असते, ते या आकड्यांत दिसते.

दुसऱ्या बाजूने ग्लॉस्टर येत होता. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे किंग्जहोम मैदान इंग्लिश रग्बीतील सर्वांत बोलक्या प्रेक्षकांसाठी प्रसिद्ध आहे आणि चॅलेंज कपशी त्याचे नाते जुने आहे. २००६ आणि २०१५ मध्ये त्याने चषक जिंकला. २०१७ मध्ये पॅरिसच्या स्ताद फ्रान्सेकडून आणि २०१८ मध्ये बिल्बाओत कार्डिफकडून ३१-३० असा तो अंतिम सामन्यात हरला. २०२४ चा हा त्याचा पाचवा अंतिम सामना. प्रशिक्षक जॉर्ज स्किव्हिंग्टन यांच्या संघाचे साखळीत काही जमत नव्हते. दहा संघांत तो नववा राहिला. चषकांत मात्र त्याला वेगळाच सूर सापडला होता. मार्चमध्ये त्याने देशांतर्गत प्रीमियरशिप रग्बी कप जिंकला होता. कास्त्रला आणि नंतर ऑस्प्रीजना २३-१३ असे हरवून त्याने उपांत्य फेरी गाठली आणि तेथे बेनेटनला ४०-२३ असे रोखले.

त्यानंतरच्याच आठवड्यात जे घडले ते इंग्लिश रग्बीत बराच काळ आठवले जाईल. साखळीतील सामन्यासाठी ग्लॉस्टरने नॉर्दम्प्टनला आपला दुय्यम संघ पाठवला आणि तो ९०-० असा हरला. अंतिम सामन्यासाठी खेळाडू राखून ठेवण्याचा निर्णय व्यवहाराला धरून होता, कारण साखळीतील ती लढत हरण्याने काहीच बिघडणार नव्हते आणि चषक जिंकल्यास सर्व काही साधणार होते. तरी नव्वद गुणांचा तो फलक क्लबच्या चाहत्यांना जिव्हारी लागला, आणि दुसऱ्या श्रेणीच्या चषकाला कोणी गांभीर्याने घेत नाही या समजुतीला त्यामुळे उत्तरही मिळाले. या चषकापायी साखळी सोडून देण्याची तयारी एका क्लबने दाखवली होती.

अंतिम सामन्यात शार्क्सच्या विजयाचा शिल्पकार ठरला विश्वविजेत्यांपैकी कोणी नव्हे, तर सिया मासुकू. हा किकमास्टर शार्क्सकडे आला होता तो चीताज संघातून. त्याने पाच पेनल्टी आणि तीन कन्व्हर्जन साधत एकट्याने एकवीस गुण जमवले. फेप्सी बुथेलेझी, मापिम्पी आणि आफेलेले फासी यांनी प्रत्येकी एक ट्राय केला. धक्काबुक्कीच्या जवळच्या लढाईत शार्क्सची आघाडीची फळी वरचढ राहिली. तिच्या दडपणाखाली ग्लॉस्टरकडून चुका होत गेल्या आणि मासुकूच्या बुटाने त्यांचे गुणांत रूपांतर केले. दुसऱ्याच दिवशी, २५ मे रोजी, त्याच मैदानावर तूलूझने लेन्स्टरला जादा वेळेत ३१-२२ असे हरवून चॅम्पियन्स कप जिंकला. त्या झगमगाटात आदल्या रात्रीचा सामना वृत्तपत्रांत काहीसा मागे पडला, हेही या चषकाचे नेहमीचे प्राक्तन.

निकालाचा परिणाम अंतिम सामन्यात नसलेल्या दोन संघांवर अवलंबून होता, आणि त्यांना तो केवळ पाहत राहावा लागला. ग्लॉस्टर जिंकला असता, तर प्रीमियरशिपमध्ये आठव्या आलेल्या लेस्टरची चॅम्पियन्स कपची जागा गेली असती. शार्क्स जिंकल्याने ती गेली ऑस्प्रीजची. स्वान्सी परिसरातील या वेल्श संघाने मर्यादित पैशांत तो हंगाम जिद्दीने खेळून साखळीत आठवा क्रमांक मिळवला आणि विजेतेपदाच्या बाद फेरीत प्रवेश केला. ही जागा त्याने निश्चित केली ती साखळीच्या शेवटच्या फेरीत, म्हणजे लंडनमधील अंतिम सामन्यानंतर आठवडाभराने. तोपर्यंत आठव्या क्रमांकाला चॅम्पियन्स कपचे तिकीट उरलेच नव्हते. आठवे येऊनही बाहेर राहण्याचा जो अनुभव शार्क्सना आदल्या वर्षी आला, तोच आता शार्क्समुळे ऑस्प्रीजच्या वाट्याला आला. आणि याच चषकात ग्लॉस्टरकडून झालेला पराभव आधीच त्यांच्या खात्यावर होता. वेल्समधील चारही व्यावसायिक संघ त्या काळात निधीकपातीशी झुंजत होते. पहिल्या श्रेणीची स्पर्धा म्हणजे मोठे प्रतिस्पर्धी, भरलेली मैदाने आणि प्रायोजक. त्यामुळे ही हानी केवळ मानाची नव्हती. २०२४-२५ मध्ये चॅम्पियन्स कपात वेल्सचा एकही संघ नव्हता.

नियम आधीपासून ठाऊक होता, त्यामुळे अन्याय झाला असे म्हणता येत नाही. तथापि सात महिन्यांहून अधिक काळ, अठरा सामने सातत्याने खेळून मिळवलेला आठवा क्रमांक मोलाचा, की बाद फेरीतील चार विजय, हा वाद त्या उन्हाळ्यात रंगला. चषकाला अर्थ द्यायचा तर विजेत्याला काहीतरी ठोस द्यावेच लागते. आणि जागा मोजक्या असल्याने ते कोणाकडून तरी काढून घ्यावे लागते.

शार्क्ससाठी त्या रात्रीपासून दिवस पालटले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी लायन्सना १६-१४ असे हरवून करी कप जिंकला आणि पुढील हंगामात साखळीत चौदाव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर झेप घेतली. ग्लॉस्टर आणि ऑस्प्रीज पुन्हा चॅलेंज कपमध्ये खेळले. २३ मे २०२५ रोजी कार्डिफ येथे तो चषक बाथने ल्योंवर ३७-१२ असा विजय मिळवून नेला. बाथची त्या हंगामाची सुरुवात झाली होती ती चॅम्पियन्स कपमध्ये. गटात मागे पडल्यावर खालच्या स्पर्धेत दाखल झालेला तो पाहुणा होता.